वांगी कलर

जळगावच्या आमच्या चार खुर्च्यांच्या ऑफिसात रंगावरून जेवढे किस्से झालेत, तेवढे रंगपंचमीलाही होत नसतील. सगळ्यांच्या मुळाशी आमच्या प्रोग्रामर हेमंतने बनवलेला कलर पिकर. कुठल्याही वेबसाइटमध्ये बसणारी रंगांची चौकट; माउस फिरवा नाहीतर मराठीत नाव टाइप करा, रंग हजर. नावं हेमंतनेच भरलेली.

*

हेमंतचे वडील, आबा, अमळनेरजवळच्या गावाहून एकदा ऑफिसात आले. हेमंतने हौसेनं सगळे रंग फिरवून दाखवले. आबांनी त्याचे तळवे उलटसुलट करून पाहिले.

"बठ्ठा रंग शेतस, मंग तुना हात कोरा कसा?"

*

एका सराफांना वेबसाइटला सोनेरी रंग हवा होता. आमची वैशाली माउस सरकवत होती, शेठ हातातली अंगठी स्क्रीनला लावून बघत होते.

"ताई, थांबा. यात तांबं जास्त झालं."

*

केळीच्या व्यापाऱ्याला हेमंतने न विचारताच पिवळा दिला. भाऊ नाराज.

"पिवळं झालं म्हणजे माल वाया गेला. आमच्या ट्रकमध्ये हिरवंच चढतं."

*

आता पुण्याचा किस्सा. साड्यांच्या दुकानांच्या वेबसाइट करणारी तिथली एक कंपनी हा पिकर घेणार होती. घेतला तर हेमंत जळगावात राहूनच तो सांभाळणार. नाही घेतला तर त्याला पुण्यात नोकरी शोधावी लागणार, आणि आबा गावी एकटे. आम्हाला त्याची फार काळजी वाटत होती.

व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या मॅडमनी टाइप केलं, 'वांगी'. साडीवाल्यांचा लाडका रंग.

स्क्रीनवर फिकट हिरवा आला.

वैशालीने कपाळाला हात लावला. मॅडम म्हणाल्या, "हे वांगं?"

हेमंत शांतपणे म्हणाला, "हो मॅडम. भरताचं."

"अहो, वांगं जांभळं असतं."

"आमच्याकडे भरताला हिरवंच लागतं."

मॅडम बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, "हा रंग काढू नका. शेजारी जांभळा घाला आणि नाव द्या, पुणेरी वांगी. पिकर आम्ही घेतोय."

हेमंतने तिथूनच आबांना फोन लावला, स्पीकरवर. पुण्याला जाणं टळलं, वांग्यामुळे टळलं, सगळं सांगितलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग काळजीनं म्हणाले,

"भरीतनं वांगं, आनि जांभळं? फवारनी चुकनी व्हई त्यासनी."