दादांचं दळण

दादा गेले तेव्हा भेटायला आलेली माणसं त्यांच्या शेतीबद्दल बोलली, बैलांबद्दल बोलली. मी मान हलवत राहिले. त्यांचं खरं कसब एकालाही ठाऊक नव्हतं. माझे वडील दळायचे. गावात गिरणी येईपर्यंत, रोज पहाटे, जात्यावर, आमच्या घराला पुरेल एवढी ज्वारी.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव झरीपासून कोसभर. माय विहिरीच्या पायऱ्यांवर घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. बांधला तो वाकडाच बसला. जात्याचा खुंटा तिच्या मुठीत टिकेना.

राणीसावरगावला दिलेल्या माझ्या आत्यानं निरोप धाडला, "घरात धडधाकट बाई पाहिजे. मी एक पोरगी बघून ठिवलीय." आईवेगळ्या दादांना तिनंच वाढवलं होतं, तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुसरी बायको करणं तेव्हा जगावेगळंही नव्हतं.

दादांनी उलट निरोप दिला, हात बरा झालाय, दळायलीय ती. साफ खोटं. मग खोटं निस्तरणं आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते जात्याशी बसले.

पण नुसत्या घरघरीनं भागणार नव्हतं. आमच्याकडे जातं फिरलं की ओवी आलीच. मुकं जातं ऐकलं असतं तर सकाळी अख्खी गल्ली दारात चौकशीला आली असती. म्हणून दादा दळायचे आणि माय शेजारी बसून गायची. मी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बघत बसायचे. ओव्या सगळ्या माहेरच्या, मायच्या भावाच्या. एकदा दादा घाम पुसत म्हणाले, "रोज त्याचंच कवतिक? आन दळायलंय कोण?" माय तोंडाला पदर लावून हसली. हात मोडल्यापासून ती हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मला दादा फार आवडले.

पीठ मात्र जाडंभरडं. माय डाव्या हातानं भाकरी थापायची, भाकरीची कड फुटायची, आणि दादा ती मुकाट खायचे.

माघात आत्या स्वतःच आली, बैलगाडीनं, मुक्काम करत. दादांच्या निरोपावर तिचा भरवसा बसला नव्हता; पोरीच्या बापाला शब्द द्यायच्या आधी तिला भावजयीचा हात डोळ्यांनी बघायचा होता. दिवसभर मायनं हात पदराखाली ठेवला. दुसऱ्या पहाटे आत्या ओसरीवर घोरत होती, तेव्हा दादा दळायला बसले. मायनं गळा उघडला. सगळं नीट चाललं होतं. मग तिला काय झालं कोण जाणे, भाऊ सोडून तिनं भलतीच ओवी धरली:

"मोडला माझा हात, जातं थांबलं न्हाई गं,
धनी दळितो दळण, कुणा सांगत न्हाई गं."

जात्यावर बाईच्या पोटातलं ओठावर येतंच, तिथं कुणाची राखण चालत नाही.

दादांचा हात थांबला. दारात आत्या उभी. मायनं वाकडा हात पदराखाली ओढला. मला वाटलं, गेली आता माय आपल्या घरातून.

"किती दिस दळायलास?" आत्यानं विचारलं.

"तुझा निरोप आल्यापसनं."

"गड्यामाणसाला लाज वाटना का?"

"वाटायली की," दादा खुंटा न सोडता म्हणाले. "पर अक्का, हिच्यावर सवत आणली तर त्याहून लय वाटंल."

आत्याच्या स्वतःच्या घरी सवत नांदत होती, हे मला पुढं मोठेपणी कळलं. त्या पहाटे ती सरळ जात्याशी येऊन बसली. "सरक तिकडं. ह्ये पीठ हाय का कण्या?" उरलेलं सगळं दळण तिनं दळलं. ओवी मात्र एकही म्हटली नाही.

आत्या निघाली तेव्हा दादांनी भीत भीत विचारलं, "पोरीच्या बापाला काय सांगायचं?"

"सांगते, त्या घरात दळणारं माणूस हाय."

माय पाया पडायला वाकली. आत्यानं तिला धरून उठवलं, तिचा वाकडा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हळूच म्हणाली, "माझ्यासाठी कुणी दळलं न्हाई गं."