हिनेकचा साप आणि भरतकामाची बाही

आमच्या खोऱ्यात डुक्कर कापायला माणूस हवा असला की लोक माझं नाव घेतात. लोइझा म्हटलं की पुरे, आडनाव लागत नाही. माझ्यासमोर कसलंही जनावर असू द्या, पाच मिनिटांत गप्प होतं. लाथा झाडणारा घोडा, पिसाळल्यासारखा रानडुक्कर, सासरेबुवांचा कुत्रा. शाळा मी फार केली नाही, पण जनावराच्या डोळ्यांत बघून ते काय करणार हे सांगतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं जे झालं त्यात मला जनावर कळत नाही असं कोणी म्हणायला नको.

हे सगळं आहे माझ्या धाकट्या भावाबद्दल, हिनेकबद्दल. तो खोल्या गरम करायच्या चिनी मातीच्या फरशांच्या भट्ट्या बांधतो. त्याच्यासारखी भट्टी चेक देशातल्या आमच्या आख्ख्या मोराविया प्रांतात कोणी बांधत नाही, हे मी त्याचा भाऊ म्हणून नाही सांगत. त्यानं बांधलेल्या भट्टीत दोन लाकडं टाका, सकाळपर्यंत पाठ टेकून बसा. पण माणूस असा की एक भट्टी बांधायला इतर लोक घर बांधतात तेवढा वेळ घेतो. फरशी हातात घेतो, फिरवतो, परत ठेवतो, दुसरी घेतो. बघणाऱ्याचा जीव जातो. लग्न केलं नाही. करायचं ठरवलं असतं तरी विचारायलाच दहा वर्षं लावली असती आणि तोवर पोरीला नातवंडं झाली असती.

राहतो आमच्यातच, मागच्या खोलीत. पुढं मी, माझी बायको बोश्का आणि आई. जन्मात त्यानं कोणाकडं काही मागितलं नाही. लहानपणी सायकल माझी, बूट माझे जुने, स्केट्सही माझे. कधी तोंड उघडलं नाही. आणि मग एका वसंतात ब्रनो शहरात कुणाकडं तरी भट्टी बांधायला गेला आणि येताना झाकणाला भोकं पाडलेला डबा घेऊन आला.

"काय आहे त्यात?" आईनं विचारलं.

"साप," हिनेक म्हणाला. "पिल्लू आहे. विषारी नाही. त्या माणसाकडं पुष्कळ होते, हे कोणी नेईना."

"का नेईना?"

"चावतं."

खोटं बोलता येत नाही त्याला. दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं, रंग जरा फिका आहे म्हणून नेईना.

रंग फिका नव्हताच. केशरी अंगावर लाल ठिपके, जाडी पेन्सिलीएवढी. नाव ठेवलं रोझिन्का. आमच्याकडं केकमध्ये बेदाणे घालतात, त्या बेदाण्याचं हे नाव. बेदाणा काचेच्या पेटीत ठेवला, आणि कोणी खोलीत पाऊल टाकलं की हा मानेचा आकडा करायचा, शेपटी तळाच्या कागदावर अशी थरथरवायचा की वाटावं मोठा विषारी आहे, आणि मग काचेवर थडाथड डोकं आपटायचा. हात घातला की चावा. चावून झालं की वर घाण करायचा. एवढुसं पोट, त्यात एवढं कुठं मावत होतं देव जाणे.

आईनं दोन दिवस चालवून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिला फ्रीजरमध्ये पिठाच्या गोळ्यांशेजारी सापाच्या खाण्याची उंदराची पिल्लं सापडली.

"हिनेक," आई म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, तेव्हाच मी चाकू खाली ठेवला. "शरद ऋतूत जत्रा आहे. इम्रिख मामा येणार आहे, दर वर्षी तुझ्याच खोलीत झोपतो. तोवर हा साप मांजरासारखा हातात बसला तर राहील. जत्रेत कोणाला चावला तर त्याच दिवशी ब्रनोला परत."

"बरं," हिनेक म्हणाला. आणि मग, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं मी, तो म्हणाला, "आई, मला तो ठेवायचाय."

आता असं म्हटल्यावर मोठा भाऊ काय करणार? हातात घेतलंच मी ते काम.

पहिलं म्हणजे वेल्डिंगचे हातमोजे आणले. हिनेक म्हणाला नको, त्यात तुला कळत नाही आपण किती दाबतोय. गवत ओढायच्या काट्याचं एक टोक वाकवून छान आकडी केली, सापाला उचलायला. हिनेकनं ती घेतली, थँक यू म्हणाला आणि पडदा बाजूला धरायला अडकवली. मग मी त्याला आमच्या घरातला उपाय सांगितला. आमच्याकडं प्लमची दारू घरी निघते, साठ टक्क्याची, अशी दारू शेजारच्या तीन गावांत मिळायची नाही. पोट दुखलं, घ्या. गुडघा दुखला, चोळा. दाढ दुखली, दाबून धरा. म्हटलं, "हाताला चोळ, मग उचल. हात स्वच्छ, सापही स्वच्छ."

चोळली त्यानं एकदा, माझा मान ठेवून. साप पेटीतून असा उसळला की हिनेकच्या कानाला लोंबकळला.

"वास," हिनेक कान धरून म्हणाला. "जिभेनं वास घेतो तो. दारू त्याला झोंबते."

"आपली दारू झोंबते?"

"लोइझा, सगळ्यांचीच झोंबते."

त्या दिवसापासून त्यानं आपल्या पद्धतीनं सुरू केलं, आणि ती पद्धत बघून माझे केस पांढरे झाले. म्हणजे काहीच करायचा नाही. संध्याकाळी पेटीपाशी बसायचा, हात आत ठेवायचा आणि बसून राहायचा. आपला वापरलेला मोजा आत टाकायचा, वासाची सवय व्हावी म्हणून. साप खाऊन पडला असला की दोन दिवस हातच लावायचा नाही. चावला तर हात झटकायचा नाही.

"झटक ना," मी म्हणायचो. "रक्त येतंय."

"झटकलं तर त्याचे दात मोडतात. आणि त्याला कळतं की चावलं की हात पळतो. मग रोज चावेल."

"मग काय करायचं?"

"काही नाही. कंटाळला की सोडतो."

बोश्का दारातून म्हणाली, "वीस वर्षं मी ह्यांच्याशी असंच करतेय." तिला कोणी विचारलं नव्हतं.

उन्हाळा गेला. हिनेकच्या हातावर साप आता येऊन बसायचा, पण फक्त हिनेकच्या, आणि तेही खोलीत दुसरं कोणी नसलं तर. मी गेलो की मानेचा आकडा. मी, ज्याच्यासमोर रानडुक्कर गप्प होतो. रोज गुडघ्याला दारू चोळणाऱ्या आईला तर तो दुरूनच फुत्कारायचा. जत्रा जवळ येत चालली आणि हिनेकचं जेवण कमी व्हायला लागलं. त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यानं बोलावं म्हणून मी त्याच्यावर ओरडलो, तरी नाही.

जत्रेच्या दिवशी मी गावचा पोशाख घातला. आमच्या पुरुषांच्या शर्टाच्या बाह्या एवढ्या रुंद आणि लांब असतात की हात खाली सोडला तर बोटंसुद्धा दिसत नाहीत, आणि माझ्या बाह्यांवरचं भरतकाम आईनं एक आख्खा हिवाळा खपून केलेलं. तसा शर्ट गावात दुसऱ्या कोणाकडं नाही. सकाळपासून मी दारात उभा राहून पाहुण्यांना प्लमची ओतत होतो. हिनेक अंगणात टेबलं लावत होता.

इम्रिख मामा, आईचा भाऊ, स्लोव्हाकियातून येतो. आला तो हसतच आला.

"काय रे लोइझा, हिनेकनं म्हणे गांडूळ पाळलंय?"

"गांडूळ?"

"तुझी आई फोनवर म्हणाली. आणि तू घाबरून त्या खोलीत जात नाहीस म्हणे."

आता सांगा. माझ्या भावाचा साप, माझं घर, आणि वर मी घाबरतो? मामाला घेतलं, मागच्या खोलीत नेलं, झाकण उघडलं आणि हात आत घातला.

बोटांना दारू लागलेली होती, सकाळपासून ओतत होतो ना. रोझिन्कानं अंगठा धरला आणि सोडेना.

त्याच क्षणी व्हरांड्यात आईच्या चपलांचा आवाज. मी हात वर काढला, सापासकट, आणि खाली सोडला. बाही घसरली, सगळं झाकलं गेलं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर किंचाळला असता. मी पापणीसुद्धा हलवली नाही.

"इथं काय करताय?" आई दारात.

"मामाला पेटी दाखवतोय."

"आणि साप?"

"झोपलाय. मोज्यात."

मामा खिडकीकडं तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"चला, जेवायला बसलेत सगळे," आई म्हणाली. "लोइझा, तू ओत."

डाव्या हातानं ओतलं मी. डाव्या हातानं पेला उचलला. उजव्या अंगठ्याला साप लोंबत होता, आणि दात एवढे बारीक की दुखण्यापेक्षा खाजच जास्त. मग एकदम सोडलं त्यानं. मला वाटलं आता पडणार, सगळ्यांसमोर, जत्रेला भाजलेल्या हंसाच्या ताटात. पण तो पडला नाही. वर निघाला. मनगट, कोपर, दंड, आणि काखेत जाऊन गोल होऊन बसला. मला गुदगुल्या होतात हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कसा बसलो असेन ते विचारू नका.

हिनेक आतून आला. त्यानं रिकामी पेटी बघितली होती, चेहरा चुन्यासारखा. माझ्याकडं बघितलं, माझ्या डाव्या हातातल्या पेल्याकडं, मग बाहीकडं. येऊन शेजारी बसला.

"हलू नकोस," हळूच म्हणाला. "अंधार आहे, ऊब आहे. त्याला बरं वाटतंय."

"मला नाही वाटत," मी म्हणालो.

"लोइझा," समोरून आई म्हणाली, "बाहीला काय लागलंय?"

लाल डाग. तिनं मेजावरून हात लांब करून माझं मनगट धरलं. सकाळपासून तिचे हात खसखशीत आणि लोण्यात होते, गुडघ्याला दारू चोळायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता तिला. बाहीतून आधी जीभ आली. मग डोकं. मग तो सगळाच्या सगळा, घाई नाही, आकडा नाही, आईच्या हातावर उतरला आणि तिच्या बोटांमधून फिरला.

मामानं आपला पेला अलगद खाली ठेवला.

"थंडगार असेल वाटलं होतं," आई म्हणाली. आणि मग, नजर न उचलता, "चावला का तुला?"

"छे. हंस कापताना लागलं."

"हंस काल कापला."

"काल लागलं."

"शर्ट आज घातलास." तिनं हिनेककडं बघितलं. "हिनेक?"

आता इथं मी एक माणूस, काखेत साप ठेवून तासभर बसलो, कोणासाठी? आणि तो काय म्हणाला?

"चावला, आई," हिनेक म्हणाला. "मी परत नेतो."

उठलासुद्धा. आईनं साप दिला नाही. माझा अंगठा वळवून बघितला, नाकाशी नेला आणि वास घेतला.

"दारूच्या पिंपात बुडवून काढल्यासारखा हात आहे तुझा," मला म्हणाली. "मीसुद्धा चावले असते. बस रे हिनेक, जेव. हा राहील. पण इम्रिख सापाच्या खोलीत झोपणार नाही. इम्रिख, तू लोइझाच्या पलंगावर झोप. लोइझा स्वयंपाकघरातल्या बाकावर."

"आणि मी?" बोश्का म्हणाली.

"तू माझ्याजवळ."

हिनेकनं त्या दिवशी हंसाच्या दोन तंगड्या खाल्ल्या. मी मोजत नव्हतो, पण दुसरी माझी होती.

तेव्हापासून रोझिन्काला बाहीतच बरं वाटतं. आधी अर्धा तास बाहीत, मग हातावर, मग तो कोणाकडंही जातो, टपालवाल्याकडंसुद्धा. ब्रनोचा तो माणूस येऊन बघून गेला आणि ही युक्ती घेऊन गेला. मी त्याला सांगितलं की बाही माझी होती. तो हिनेकचा हात हातात घेऊन हलवत राहिला.

आता आईनं जुन्या चादरीची एक सुटी बाही शिवलीय, खास सापासाठी, हिनेकनं हातात चढवायला. परवा बघतो तर तिच्या काठावर ती लाल दोऱ्यानं फूल भरत बसलेली. माझ्या शर्टावरचा डाग अजून तसाच आहे. विचारलं तर म्हणाली, थंड पाण्यात मीठ टाकून भिजव, आणि माझ्या उजेडाआड उभा राहू नकोस.