पोचा पडलेला डबा

शेंगाचटणीच्या स्टीलच्या डब्याला एक पोचा आहे, झाकण काढताना माझं बोट हमखास त्यात जातं. तो पडला त्या सुट्टीत आम्ही चौघं सोलापूरहून साताऱ्याकडचा एक गड बघायला गेलो होतो. अर्धा गड चढलो आणि धुकं असं उतरलं, की पुढं चाललेले वडील दिसेनासे झाले. डावीकडं नुसती दरी. हाका मारून उपयोग नव्हता; तीस वर्षं यंत्रमागावर काढल्यानं त्यांना जवळजवळ ऐकूच यायचं नाही. घरात आम्ही त्यांच्याशी हातवारे करूनच बोलायचो, आणि आता हातही दिसत नव्हते. भाऊ पळत सुटणार, तेवढ्यात आईनं त्याची कॉलर धरली. "कुणी हलायचं न्हाय! हितंच उभं ऱ्हावा!" पिशवीतला डबा काढून ती कातळावर आपटत राहिली. ठण, ठण. चटणी सगळी ओल्या दगडावर सांडली. किती वेळ गेला कोण जाणे, मग कातळ चाचपत वडील आले, चेहरा पांढराफटक. आईनं डबा आपटून दाखवत खुणेनंच विचारलं, ऐकलंत? "व्हय की," ते म्हणाले. आई ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगते. परवा ती स्वयंपाकघरात भांडी घासत असताना वडील मला म्हणाले, "डबा कुटला ऐकू येतोय मला! पुढं दोन माग, पाठीशी दोन, सारखं वळून बघायची सवय. वळून बघितलं, तर तुमी कुणीच न्हाय. लई घाबरलो, तसाच चाचपत माघारी आलो." त्यांना हळू बोलता येत नाही. आतला भांड्यांचा आवाज थांबला. बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाला.