पूजेतले प्लग

लग्न होऊन सासरी आले तेव्हा आपल्याला यंत्रांतलं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. तिला आधार एवढाच, की माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढणं, चेन चढवणं हे मी फ्रॉकात असल्यापासून पाहिलेलं. सासरी मात्र मी त्या दुकानाला "आमचं ग्यारेज" म्हणत असे. ग्यारेज म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोटारी उभ्या राहतात. राहू देत बापड्या, मी कशाला त्यांना हटवू?

सासरी मात्र खरोखरची मोटार होती. लष्करानं निकालात काढलेली पेट्रोलची जीप, मागून कापून, लाकडी हौदा बसवून तिचं पिकअप केलेलं. सक्करदऱ्याजवळच्या आमच्या घरापुढे ती कडुनिंबाखाली उभी असायची आणि कुहीकडचा तांदूळ नागपुरात आणायची. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी ट्रकवर होते. पाय अधू झाल्यावर त्यांनी गाडी मुलाच्या हाती दिली आणि स्वतः ओसरीवरच्या खुर्चीत बसून राहू लागले. गाडी चालवायचे आमचे हे. ह्यांचं गाडीवर प्रेम होतं, पण बॉनेटच्या बाहेरून. बॉनेट उघडलं की ह्यांना जांभई येत असे.

त्या वर्षी दसऱ्याला माझ्या नणंदेचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलगा कुहीजवळच्या खेड्यातला, धानाची शेती करणारा, आणि तिनं स्वतः पसंत केलेला. मामाजींना नोकरीवाला जावई हवा होता. घरातल्या बायकांपुढे हरून त्यांनी होकार दिला खरा, पण त्याला शेपूट जोडलं.

"दसऱ्याच्या दुपारी, मुहूर्तावर टिळा लागला तर लागला. मधात काही आडवं आलं तर देवाच्या मनात नाही असं मी समजीन. मंग हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही."

तेव्हापासून ते खुर्चीत बसून अपशकुनाची अशी वाट पाहत, जशी लोक पोस्टमनची पाहतात. नणंद बिचारी दिवसातून दहादा मांजराला दूध पाजून मागच्या अंगणात कोंडून ठेवायची.

मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली, म्हणून कार्यक्रम तिच्या दारी व्हायचा होता. आम्ही सगळ्यांनी पिकअपमधून जायचं होतं. आणि पिकअप तर मिसिंग मारत होती. चारातलं एक सिलिंडर मधेच झोपी जायचं आणि चढावर गाडी खोकत खोकत थांबायची. ह्यांनी नवे प्लग आणले आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीच्या सकाळी, गाडी मिस्त्रीकडे न्यायला निघाले.

"मिस्त्री कशाला?" मी पदर खोचून म्हटलं. "मीच बदलते. आमच्या ग्यारेजात हे असलं रोजच चालायचं."

ह्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. नवीन लग्न होतं, कौतुक स्वस्त होतं.

मी प्लगपाना घेतला, चारही वायरी एकदमच उपटून बाजूला टाकल्या आणि जुने प्लग काढले. काळे, जळक्या वांग्याच्या देठांसारखे. नवे लावायच्या आधी जरा सगळ्यांना दाखवावेत म्हणून मी ते ओसरीवर मांडून ठेवले, पान्यासकट. प्लग काढण्यासारखं काम करावं आणि कोणी बघूही नये, हे मला परवडणारं नव्हतं.

मी हात धुवायला गेले तेवढ्यात आत्याबाई, माझ्या सासूबाई, पूजेची हत्यारं गोळा करत आल्या. खांडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर जातं. मी परत येते तो विळी, कुदळ आणि कात्रीच्या शेजारी पाना, जुने प्लग आणि डब्यातून काढलेले नवेकोरे प्लग ओळीनं बसलेले. हळद, कुंकू, अक्षता वाहून झालेल्या. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर झेंडूची एकेक पाकळी.

"आत्याबाई, हे मला लावायचे होते!"

"मंग लावशीन नं उद्या. पूजेतलं हत्यार हलवत असते का कोणी?"

नसतं हलवत. दसऱ्याला घरच्या वडील माणसानं अक्षता टाकून पूजा हलवली, की मगच त्याला हात लावायचा. हे पळत मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री आपल्या पान्यांना हार घालून, अंघोळ करून, खुशाल पेपर वाचत बसला होता. त्या दिवशी अख्ख्या नागपुरात कोणी पाना उचलणार नव्हतं, आणि आमच्या इंजिनाला माझ्या कृपेनं चार भोकं पडलेली होती.

मामाजी खुर्चीत इतके प्रसन्न बसले होते, की त्यांचंच साक्षगंध आहे असं वाटावं.

"सूनबाई, घाई नको करू. पूजा हलवू आपण उद्या, विजयमुहूर्तावर. दुपारी."

दुपारी म्हणजे टिळ्याच्याच वेळी. नणंद स्वयंपाकघरात जाऊन रडू लागली. मी तिला म्हटलं, "रडू नको वं, मी आहे ना." त्यावर ती आणखी जोरात रडली.

दसरा उजाडला. मामाजींनी रोजच्यासारखी खुर्चीतून हाक दिली, "चहा झाला का?"

"कसा होईन?" आतून आत्याबाई. "चहाची गाळणी पूजेत आहे."

"गाळणी?"

"आन् संडशी. आन् झारा. तुमचा पाना हत्यार, तं माही गाळणी काय खेळणं आहे? दुपारी विजयमुहूर्तावर हलवा, मंग पिजा चहा."

मामाजींनी वर्तमानपत्र उघडलं, मिटलं. पान खाल्लं. शेजारच्या घरातून आल्याच्या चहाचा वास आला तेव्हा त्यांनी मान वळवून तिकडे पाहिलं. थोड्या वेळानं ते काठी टेकत देवघरात गेले आणि पाटावर अशा रागानं अक्षता टाकल्या, की त्या झाऱ्यावर वाजल्या.

मी प्लग उचलून धावले. कुंकू पदरानं पुसलं, फटीत अडकलेला तांदळाचा दाणा हेअरपिननं काढला, प्लग बसवून पाना आवळला आणि शेवटी वायरी लावल्या. आता, कोणती वायर कुठली हे मी काही पाहून ठेवलं नव्हतं. सायकलला वायरी नसतात. मी त्या नीट रांगेनं लावल्या, एकाशेजारी एक, कुठेही एकमेकींवर न चढवता. मागे सरकून पाहिलं तर मला माझाच हेवा वाटला.

"मारा सेल्फ!"

ह्यांनी सेल्फ मारला. इंजिन गुरगुरलं, थरथरलं आणि सायलेन्सरमधून असा बार उडाला, की कडुनिंबावरचे कावळे उडाले आणि हौद्यात आधीच जाऊन बसलेल्या चुलतसासूबाई खाली उतरल्या.

"झालं!" मामाजी खुर्चीतूनच म्हणाले. "देव याच्याहून मोठ्यानं कसा सांगन?"

नणंद पांढरी पडली. जरीकाठी पातळ नेसून, हातात ताट घेऊन ती दारात उभी होती.

"दसऱ्याले राजाच्या घरी तोफ उडते," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "शुभच असते ते. मार रे बाप्पा, पुन्हा मार सेल्फ."

फट्. फट्. ढाम्.

"पुन्हा मार."

मी बॉनेटपाशी उभी राहून, चेहऱ्यावर जाणकाराचा भाव ठेवून, "पेट्रोल खराब दिसतं" असं म्हटलं. प्रत्येक बाराबरोबर मामाजींचा चेहरा आंबट होत चालला होता. सुरुवातीचं समाधान कधीच गेलं होतं. बेसूर गाणं ऐकावं लागलेल्या गवयासारखे ते खुर्चीत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होत होते.

"थांबव रे ते! जीव जाऊन राहिला तिचा!"

"मार, मार," आत्याबाई. "होईन सुरू."

पुढच्या ढाम्ला मामाजी उठलेच. काठी आपटत आले, मला कोपरानं बाजूला केलं आणि बॉनेटखाली डोकं घातलं.

"सूनबाई, हे वायरी आहेत की डोक्याचे केस? भांग पाडून बसवल्या काहून? काय वं, तुमच्या ग्यारेजात मोटारी कोण्या रस्त्यानं येत होत्या?"

"सायकलचं दुकान आहे तिच्या बापाचं," नणंद दारातून म्हणाली. संकटात माणसं खरं बोलतात.

"तरीच! अवं, इंजिन रांगेनं नसते फुटत. एक, तीन, चार, दोन." त्यांनी तीन वायरी उपटल्या आणि एकीची जागा दुसरीला, दुसरीची तिसरीला दिली. "आता मार."

इंजिन सुरू झालं. खोकला नाही, अडखळणं नाही, चारही सिलिंडर एका दमात. मामाजी बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून ऐकत राहिले. कित्येक वर्षांनी घरच्या गाडीला हात लावला होता त्यांनी.

"चाला आता, बसा पुढं," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले. आपण हे काय केलं ते त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

"तू मुद्दाम सेल्फ मारायले लावून राहिली होती."

"मले काय समजते बाप्पा गाडीतलं?" म्हणत आत्याबाई हौद्यात चढल्या.

बॉनेटखाली इंजिन अगदी सुरात घुमत होतं. अशा गाडीला अपशकुनी म्हणणं मामाजींच्या जिभेवर येईना. ते पुढे बसले आणि उमरेड रोडला लागेपर्यंत ह्यांना गिअर कसे टाकायचे ते शिकवत राहिले.

आम्ही मुहूर्तावर पोचलो. मुलगा पाटावर बसला, म्हाताऱ्या आजीची खाट दाराशी ओढली. मामाजींनी अंगठा कुंकवात बुडवून त्याच्या कपाळाला टिळा लावला. हात धुवायची आठवण कोणालाच राहिली नव्हती. टिळा वरून लाल आणि कडेनं ग्रीसचा काळा उमटला. मुलगा पुसायला गेला तशी त्याची आजी खाटेवरून ओरडली, "राहू दे! काळं असलं की दृष्ट लागत नाही." मामाजी पहिल्यांदाच हसले, आणि त्याला जवळ ओढून पुन्हा एक बोट कुंकवाचं ओढलं.

मी मात्र तोवर स्वयंपाकघरात पोचले होते. तिथल्या बायकांना, बंद पडलेली गाडी मी एकटीनं कशी सुरू केली, हे पुऱ्या लाटता लाटता रंगवून सांगत होते. प्लग, वायरी, एक-तीन-चार-दोन, सगळं. त्या तोंडात बोट घालून ऐकत होत्या. नणंद हिरव्या चुडीचा हात वाजवत आत आली, जरा वेळ ऐकत उभी राहिली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली,

"वहिनी, खोटं खुशाल बोल वं. पण पुऱ्या लाटून राहिली तं पहिले हात धुऊन घे."