क्रॉस न मारलेला पत्रा

भूकंपात दादाची बायको आणि मुलगा गेले. उरली ती पाळण्यातली मुलगी. तेव्हा आम्ही रडलो असू, मला आठवत नाही. आठवतात ते पत्रे. भूकंपग्रस्तांच्या शेडना पत्रे ठोकता ठोकता आम्ही दोघं भाऊ त्या कामात पडलो, आणि पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले तेव्हा एसीचे डक्ट, म्हणजे छताखालून गार हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी नळ, करायला लागलो.

दादा स्लॅबखाली पाऊल टाकत नसे. त्यामुळे वाटणी आपोआप झाली. आखणं, कापणं, घड्या घालणं त्याचं, अंगणातल्या लिंबाखाली. आत जाऊन टांगणं माझं. त्याचा हात साफ होता. रुंद पत्र्याला तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखी हलकी मोड द्यायचा. तिला आम्ही क्रॉस म्हणतो. क्रॉस नसला तर हवा सुटताच पत्रा फुगतो आणि धाडकन वाजतो.

पुतणी ज्या क्लासला जायची, त्याच इमारतीचं काम आम्हाला मिळालं. तिसऱ्या मजल्यावर तिचा हॉल. सगळं टांगून झालं, एसी चालू केला, आणि बरोबर तिच्या हॉलमधला एक तुकडा वाजला. बंद केला तेव्हाही वाजला. दोन-चार दिवस असंच चाललं, मग क्लासचे मॅनेजर माझ्यावर उखडले. शिडी लावून पाहिलं तर त्या तुकड्याला क्रॉसच नव्हता. टांगताना माझ्याही नजरेतून सुटलं होतं.

दादाला विचारलं. विसरलो म्हणेल असं वाटलं. त्यानं कात्रीसुद्धा थांबवली नाही.

"हाललं की वाजंल," तो म्हणाला. "तिला उठायला येळ भेटंल."

शेडमध्ये राहायचो तेव्हा सगळेच भांड्यावर भांडं रचून झोपायचे, जमीन हलली की खणखणावं म्हणून. बाकीच्यांनी ते कधीच सोडलं होतं. मला दादाचा राग यायला हवा होता, निदान कीव तरी. काहीच आलं नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की मशीन चालू-बंद झालं की तो पत्रा वाजतो, आणि आता पोरं मानही वर करत नाहीत. तीसुद्धा करत नाही.

हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानं नवा तुकडा कापला, क्रॉस मारला आणि माझ्या हातात दिला.

"मग तिला दाराजवळ बसाय सांग."

पुतणीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, काका, जागा टेस्टच्या मार्कांवर मिळते. हुशार पोरं पुढं फळ्यापाशी, ढ पोरं मागं दारापाशी. ती पहिल्या रांगेत होती, आणि त्याचा तिला अभिमान होता.

दादाला मी ते जसंच्या तसं सांगितलं. तो पत्र्याची धार अंगठ्यानं चाचपत बसला.

"तिला म्हनावं, जरा कमी मार्क घे."

तो चेष्टा करत नव्हता. मी "हाव, सांगतो" म्हणालो, आणि तिला काही सांगितलं नाही.