गायकवाडबाई आणि ‘लँड’

इंग्रजी कागदात ‘लँड’ हा शब्द आला की गायकवाडबाई पेन खाली ठेवायच्या. चष्मा कपाळावर सरकवून, समोर कुणी असो वा नसो, विचारायच्या, “कुणाच्या पायाखालची?” मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटंसं भाषांतराचं ऑफिस होतं. करारनामे, नोटिसा, कंपन्यांची पत्रकं यांचं मराठी करून द्यायचं, हे आमचं काम. दर दुसऱ्या पानावर लँड असायची आणि बाई दर दुसऱ्या पानावर थांबायच्या. ऑफिसात त्यांची चेष्टा व्हायची. ती त्यांना माहीत होती.

मी तिथे लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. पहिल्याच कागदात मी लँडचं सगळीकडे ‘भूमी’ केलं होतं. बाईंनी पान वाचलं आणि मला बोलावलं.

“मेघा, कुठे भाषण आहे का गं?”

“नाही बाई, गोडाउनचा करार आहे.”

“मग भूमी कशाला? भूमीला लोक हात जोडतात. गोडाउन जमिनीवर बांधतात.”

मग त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. आखून दिलेला तुकडा असेल तर भूखंड, कुंपणाच्या आतलं असेल तर आवार, खणून ट्रकमध्ये भरायची असेल तर माती. एवढ्यात विमानतळाकडे उतरणारं एक विमान छपरावरून गेलं. बाई वर बघून म्हणाल्या, “तेही लँडच होतंय बघ. इंग्रजीचं एका शब्दात भागतं. आपलं नाही भागत.”

बाई मूळच्या हिंगोलीकडच्या. आईवडील दोघंही दुसऱ्यांच्या शेतात राबले. “आमच्या घरात ‘रान’ हा शब्द होता,” त्या एकदा डबा खाताना म्हणाल्या. “आई रानात गेली, बाबा रानातून आले. ‘जमीन’ म्हणायचे ते ज्यांच्या नावावर होती ते. मला वाटायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत गेल्यावर कळलं, एकच.” एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला. शिकून, मुंबईत नोकरी करून त्यांनी बोरीवलीत घर केलं होतं. लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाचं कुटुंब त्यांच्याकडेच राहायचं.

मला तिथे चार वर्षं झाली तेव्हा एक करार आला. अंधेरी पूर्वेला कामगारांची एक जुनी बैठ्या घरांची वसाहत होती. तिथली जमीन रहिवाशांच्या सोसायटीच्या नावावर होती. एक बिल्डर तिथे इमारत बांधणार होता. इंग्रजीत लिहिलं होतं की सभासद आपले लँडवरचे सगळे हक्क कायमचे सोडत आहेत. बाईंनी ‘जमिनीवरील’ असं लिहून दिलं. बिल्डरचा माणूस ते घेऊन परत आला.

“मॅडम, जमीन वाचलं की लोक घाबरतात. ‘जागा’ लिहा ना. शेवटी तेच की.”

“तेच नाही,” बाई म्हणाल्या. “जागा म्हणजे त्यांना खोली वाटणार. बांधकामापुरती खोली सोडायची, एवढंच कळणार.”

आमचे मालक साठेसर भांडखोर नव्हते. त्यांनी बाईंकडून कागद काढून घेतला आणि माझ्या टेबलावर ठेवला. “मेघा, एकच शब्द आहे. आजच द्यायचंय.”

मी बदलला. ऑफिसच्या प्रतीवर भाषांतर बरोबर असल्याची सही लागते, तीही केली. आई आजारी होती, नोकरी हवी होती, हे सगळं खरं. पण सही करताना मला आईची आठवण झाली नव्हती. साठेसरांना नाही म्हणायची भीती वाटली होती, इतकंच.

आठवड्याभराने बाईंनी ती प्रत पाहिली. तोवर वसाहतीत कागद वाटून झाले होते. त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं.

“घाटकोपरच्या चाळीत तुझ्या आईने हे वाचलं तर तिला काय कळेल?”

“की खोली रिकामी करायची. नंतर नवीन मिळणार.”

“आणि इंग्रजीत?”

“की जमीन गेली.”

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सरळ साठेसरांकडे गेल्या. “सर, रविवारी वसाहतीत त्यांची मीटिंग आहे. दोन्ही कागद लोकांकडे आहेतच. मी जाऊन इंग्रजी त्यांना मराठीत वाचून दाखवणार. तुमच्यामागून जायचं नव्हतं, म्हणून सांगते.”

“मॅडम, गेलात तर सोमवारी येऊ नका.”

“बरं.”

ड्रॉवर आवरताना त्यांनी मला विचारलं, “येतेस?” मी म्हटलं, घरी पाहुणे येणार आहेत. कुणी येणार नव्हतं.

त्या एकट्याच गेल्या. पुढचं मला कानावर आलं ते एवढंच की मीटिंग दुपारभर चालली, बिल्डरला मराठी कागद बदलून द्यावा लागला आणि नंतर बहुतेकांनी सह्या केल्याच. घरं गळत होती, लोकांना इमारत हवी होती. ऑफिसात सगळे म्हणाले, बाईंनी उगाच नोकरी घालवली. मीही तेव्हा मान डोलावली.

पुढे मी दुसरीकडे नोकरी धरली. अधूनमधून बोरीवलीला त्यांच्याकडे जायचे. त्या घरी बसून थोडंफार भाषांतर करायच्या, आसपासच्या बायकांना अर्ज लिहून द्यायच्या. मला अडलेले शब्द सांगायच्या. त्या रविवारचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि तो काढायचं धैर्य मला झालं नाही.

गेल्या वर्षी त्या थोड्याशा आजाराने गेल्या. जलदानविधीला त्यांच्या घरी गेले तेव्हा बुद्धवंदना संपत आली होती. माझ्या बाजूला साठीची एक बाई बसली होती. ती अंधेरीच्या त्या वसाहतीतली निघाली.

“मी सही केलीच,” ती आपणहून म्हणाली. “पण काय देतोय ते कळून केली. बाईंनी तीन वेळा वाचून दाखवलं मला. माझे मिस्टर त्या जुन्या घरातच वारले. न कळता सही झाली असती तर मला ते सोसलं नसतं.” मग तिने विचारलं, “तुम्ही कोण त्यांच्या?”

“त्यांच्या ऑफिसात होते,” मी म्हटलं. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण थांबवेना. “तो आधीचा मराठी कागद मी केला होता. सही माझी होती.”

तिने माझ्याकडे पाहिलं. समोर बाईंचा फोटो होता, त्याच्याकडेही तिने एकदा पाहिलं.

“आम्ही त्यांना त्या दिवशी विचारलं होतं, हे कुणी लिहिलं म्हणून,” ती म्हणाली. “त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही.”