हा कुठं लागनार?

शेवंतामावशी कोणताही सुटा भाग हातात घेतला की आधी खिडकीशी नेत, उजेडात फिरवून बघत आणि विचारत, "हा कुठं लागनार?" उत्तर मिळेपर्यंत तो खाली ठेवत नसत. गव्हाच्या दाण्याएवढा रेझिस्टर का असेना, त्याचा ठावठिकाणा त्यांना कळायलाच हवा असे.

पालघरच्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर मुलाकडे राहत, मी तिसऱ्या मजल्यावर. त्यांचं माहेर दातिवऱ्याचं, पण आयुष्य गेलं बोईसरला, इलेक्ट्रॉनिक सर्किटं बनवणाऱ्या एका कारखान्यात. ट्रेमधून येणारे भाग तपासायचे आणि खराब असतील ते बाजूला काढायचे, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. ती सर्किटं पुढे कशात बसतात हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नाही. एकदा सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, आपको जानके क्या करना है?" हा किस्सा त्या हसून सांगत, पण वारंवार सांगत.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी घरी सिंथेसायझर बनवते. म्हणजे विजेला ठरावीक वेगाने हेलकावे द्यायचे आणि ते स्पीकरमध्ये सोडायचे, की सूर निघतो. आत आधी भरून ठेवलेला आवाज नसतो. शेजाऱ्यांच्या मते हा निव्वळ रिकामटेकडेपणा. एका रविवारी पाण्याची मोटर लावायची माझी पाळी आहे, याची आठवण करून द्यायला मावशी वर आल्या आणि जमिनीवर मांडलेला पसारा बघून दारातच थबकल्या. मग चपला काढून सरळ खाली बसल्या. रेझिस्टरवर आकडे नसतात, रंगीत पट्टे असतात. कोणता रेझिस्टर विजेला किती अडवणार ते त्या पट्ट्यांवरून कळतं. ज्या ढिगाशी मी दोन रविवार झगडत होते तो त्यांनी तासाभरात नीट लावून टाकला. मोटर दोघींच्याही लक्षात राहिली नाही आणि त्या दिवशी आख्ख्या इमारतीने आमचा उद्धार केला.

तेव्हापासून भागांची निवड त्यांच्याकडे गेली. मला सगळंच भारीतलं घ्यायची हौस, त्यांना ते पटत नसे. "सगळ्यांनाच पाट मांडू नको, बाय. ज्याच्यावर सूर हाय त्याला मांड. बाकीचे बसतील खाली." सूर ठरवणाऱ्या जागी त्या उन्हाळ्या-हिवाळ्यात न बदलणारा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, शोधून काढत, आणि जिथे नुसता दिवा पेटवायचा तिथे जुन्या रेडिओतून उपटलेलं काहीही चालवून घेत.

एकदा चालू वाद्यात जोडीने सूर सांभाळणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरपैकी एकावर त्यांनी सहज बोट टेकवलं आणि सूर घसरला. बोटाची ऊब तेवढ्याला पुरली होती. मावशी बोट ठेवत, काढत, पुन्हा ठेवत अर्धा तास बसल्या. मग म्हणाल्या, हा एकटा तापतो म्हणून बिघडतो ना, तर याच्या जोडीदाराला याच्या पाठीला चिकटव. "दोघांना एकच ताप चढू दे." हाच उपाय मी नंतर त्यांना पुस्तकात दाखवला, तेव्हा पुस्तकवाल्यालाही बरंच कळतं म्हणायचं, असा चेहरा त्यांनी केला.

दुसरं वाद्य करायला घेतलं तेव्हाची गोष्ट. मावशींनी कागदाच्या पुडीतून दिलेले भाग मी जोडले, बटण दाबलं आणि सूर आलाच नाही. नुसतीच धडधड. मीटर लावून बघितलं तर एक रेझिस्टर हवा त्याच्या दहापट निघाला. लाल पट्ट्याच्या जागी नारिंगी होता. मी तो गुपचूप बदलला. त्यानंतर त्यांनी निवडलेला प्रत्येक भाग त्यांच्या माघारी मोजून पुन्हा पुडीत ठेवू लागले. आणखी दोन चुका निघाल्या. मी बोलले नाही. सांगितलं तर त्या यायच्या बंद होतील, ही मला भीती होती, आणि त्यांच्याशिवायचा रविवार मला नको होता.

पण बावीस वर्षांची बोटं ती. एका रविवारी पुडी उघडून त्यांनी एका रेझिस्टरची तार चिमटीत धरली. "पाय वाकलेत याचे. तू मोजलंस."

सवय म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

"किती चुकले?"

"तीन."

मावशींनी पुडी मिटली. मग सांगितलं, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. लाल आणि नारिंगी एकच दिसतात. मुलाला सांगितलं तर तो जिने चढू देणार नाही, आणि "तुला कळलं तर तू बोलावनार नाय." म्हणजे आम्ही दोघीही एकाच भीतीपोटी एकमेकींपासून लपवत होतो. मला स्वतःची लाज वाटली. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, एक चप्पल पायात घातली आणि वळल्या.

"तो चुकीचा लावलास, तवा काय झालं?"

मी तो काढून ठेवलेला रेझिस्टर डबीतून काढला, पुन्हा जागेवर जोडला आणि बटण दाबलं. धडधड सुरू झाली. मावशी एका पायात चप्पल तशीच घेऊन स्पीकरजवळ येऊन बसल्या. मी बटण फिरवून धडधड हळू केली, जलद केली. त्यांनी मान वाकडी करून सगळं ऐकलं.

"म्हंजे बावीस वरसं मी टाकून दिलं," त्या म्हणाल्या, "त्यातलं पन काय काय वाजलं असतं."

तो रेझिस्टर त्यांनी काढू दिला नाही. शेजारी बरोबरचाही बसवायला लावला आणि मधे खटका. कुठला कोणता ते वाद्याच्या पुढच्या पट्टीवर लिहून ठेव, एवढीच अट. पुढच्या महिन्यात मी त्यांना ऑपरेशनला घेऊन गेले. बरं वाटल्यावर त्या वर आल्या, त्यांच्या गैरहजेरीत मी लावलेले डबे उघडले आणि चार रेझिस्टर उचलून माझ्यासमोर ठेवले. चारही चुकलेले होते.

मुलाची वापीला बदली झाली तेव्हा मावशी दातिवऱ्याला बहिणीकडे राहायला गेल्या. माझे रविवार आता शांत असतात, आणि ती शांतता मला आवडत नाही. परवा नव्या वाद्यात माझ्या हातून चुकीचा कपॅसिटर बसला. काढायला गेले, थांबले आणि त्यांना फोन लावला. "मावशी, चुकीचा लागला."

पलीकडे त्यांनी बहिणीला टीव्ही बंद करायला सांगितलं.

"कुठं लागला?" त्यांनी विचारलं. मी जागा सांगितली. "मंग फोन जवळ धर. ऐकव."